माहेरचं मेण

सोमवार, १८ जानेवारी २०३८. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेवंता उतेकर यांनी परसातल्या तिसऱ्या मधपेटीचं झाकण उचललं. आत माश्या होत्या, मध होता, राणीही होती. अंडी नव्हती.

त्यांनी पोळ्याची लाकडी चौकट उन्हाकडे तिरकी धरून पाहिली. सातेरी या देशी माशीचं अंडं रव्याच्या कणासारखं बारीक असतं आणि पोळ्यातल्या घराच्या तळाशी चिकटलेलं असतं. सरावलेल्या डोळ्यालाही ते तिरक्या उजेडातच दिसतं. घरं रिकामी होती, घासूनपुसून ठेवल्यासारखी स्वच्छ. नऊ वाजेपर्यंत त्यांनी उरलेल्या दहा पेट्या उघडल्या. अकराही पेट्यांत तेच.

शेवंताबाई एकसष्ट वर्षांच्या. महाबळेश्वरच्या पठाराखाली खांबेवाडीत नवऱ्यामागे एकट्या राहतात आणि चाळीस वर्षं सातेरी पाळतात. त्यांच्या पेट्यांत चार वंश आहेत. चारही त्यांच्या वडिलांनी कड्याच्या कपारीतून दोर लावून उतरवलेल्या वसाहतींचे. गावच्या मधमंडळाच्या प्रत्येक बाटलीवर ‘शुद्ध सातेरी’ या शब्दांखाली शेवंताबाईंची सही असते. जानेवारीत अंड्यांशिवाय पेटी त्यांनी कधी पाहिली नव्हती. इथली थंडी माशीला जाणवते, पण राणीला थांबवण्याइतकी ती कधी पडत नाही.

साडेनऊला त्यांनी धाकट्या भावाला फोन केला.

“सुदाम, माझ्या पेट्या बंद पडल्यात.”

“बंद म्हंजे?”

“राण्या हायत. अंडं एक बी न्हाई. अळी न्हाई, झाकलेलं घर न्हाई.”



“कधीपासनं?”

“आता कसं सांगू? नाताळाच्या आधी उघडल्या होत्या, त्या संक्रांत झाल्यावर आज उघडल्या. थंडीत सारखं झाकण काढतंय का कुणी? झाकलेलं घर बी न्हाई म्हंजे वीस दिस तरी झालंच. तुझ्या त्या गोऱ्या माश्यांनी काय आणलं न्हाई ना इकडं?”

“येतो मी,” सुदाम म्हणाला.

त्या दिवशी तो गेला नाही.

सुदाम केळगणे वरच्या पठारावर राहतो. वय एकोणपन्नास. त्याच्याकडे मेलिफेरा जातीच्या, म्हणजे मूळच्या युरोपातल्या माश्यांच्या चौसष्ट पेट्या आहेत. हिवाळ्यात त्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत ठेवल्या जातात. फुलावर माशी नीट फिरली नाही तर स्ट्रॉबेरी एका बाजूने फुगते आणि दुसऱ्या बाजूने आक्रसते. असं फळ बाजारात कुणी उचलत नाही. त्यामुळे डिसेंबरात सुदामला पठारावर मान असतो.

मेलिफेराचा शत्रू व्हरोआ. कोळ्याच्या कुळातला, मोहरीच्या दाण्याएवढा, तांबूस, चपटा परजीवी. गावात त्याला गोचीडच म्हणतात. तो माशीच्या अंगाला चिकटतो, पण वाढतो मात्र झाकलेल्या, म्हणजे माश्यांनी मेणाने बंद केलेल्या घरात, कोषातल्या पिल्लावर. सातेरी हजारो वर्षं या गोचिडाबरोबर राहत आली आहे. ती एकमेकींच्या अंगावरून त्याला ओढून काढते, लागण झालेलं घर ओळखून रिकामं करते. मेलिफेराला हे नीट जमत नाही. औषध घातलं नाही तर दोन-तीन वर्षांत पेटी संपते.

औषध साधं आहे: साखरेच्या पाकातून ऑक्झॅलिक ॲसिड, चौकटींच्या फटीत थेंबाथेंबाने. बाहेर, माशीच्या अंगावर असलेला गोचीड त्याने मरतो. झाकलेल्या घरात ते पोचत नाही. थंड देशांत याची अडचण नसते. तिथे कडक हिवाळ्यात राणी अंडी घालणं थांबवते, झाकलेली घरं संपतात, सगळे गोचीड उघड्यावर येतात आणि एका दिवसात पेटी साफ होते. आपल्याकडे तो हिवाळाच नाही. म्हणून पाळणारे राणीला चोवीस दिवस छोट्या पिंजऱ्यात कोंडायचे. चौसष्ट राण्या शोधायच्या, चिमटीत धरायच्या, कोंडायच्या आणि सोडायच्या. त्यात दरवर्षी पाच-सहा दगावायच्या.

तीन वर्षांपूर्वी ‘शिशिर’ पट्टी आली. बोटभर रुंद, पुठ्ठ्याची. तिच्यातलं गंधद्रव्य माश्यांना कडक थंडी पडल्याची खूण देतं. कामकरी माश्या राणीला खुराक देणं थांबवतात, राणी बारीक होते, अंडी बंद. एकविसाव्या दिवशी पट्टी काढायची, औषध घालायचं. गंध हवेत उडून जातो आणि चार-पाच दिवसांत राणी पुन्हा अंडी घालू लागते. कोंडणं नाही, दगावणं नाही. पट्टीने एकवीस दिवसांचा हिवाळा विकत मिळाला.

सुदामने ३० नोव्हेंबरला पट्ट्या लावल्या आणि २१ डिसेंबरला काढल्या. दुसऱ्या दिवशी पेट्यांखालच्या चिकट कागदावर मेलेल्या गोचिडांचा थर होता. एका पेटीखाली त्याने अठराशे मोजले आणि मग मोजणं सोडलं. २६ तारखेपर्यंत साठ पेट्यांत नवी अंडी दिसली.

पट्टीसोबतच्या माहितीपत्रकात सहावी सूचना अशी होती: पट्टीला लागून असलेल्या दोन चौकटींतली पोळी उपचारानंतर काढून जमिनीत पुरावीत, त्यांचं मेण वितळवून पुन्हा वापरू नये. सुदामच्या बायकोने, मंदाने, ती त्याला २२ तारखेला परसात वाचून दाखवली होती. तो तेव्हा चुलाणावर पाणी तापवत होता.

“मेण पुरायचं?” तो म्हणाला. “हे लिहिणाऱ्यानं उभ्या जन्मात पेटी बघितलीय का?”

“कारण असंल काहीतरी.”

“एक किलो मेण करायला माशी सहा-सात किलो मध खाती. ते मी मातीत घालू? माझा बाप सपनात येऊन कान धरंल माझा.”

मंदाने कागदाची घडी केली. “कान तुझा,” ती म्हणाली.

मेण कुणी टाकत नाही. मधमाशी पाळणाऱ्याच्या घरी पोळ्याचा चुरासुद्धा डब्यात जमवतात. सुदामने एकशे अठ्ठावीस पोळी उकळत्या पाण्यात वितळवली, फडक्यातून गाळली, थंड केली. दहा किलोच्या आसपास पिवळंधमक मेण निघालं. गंधद्रव्य मेणात विरघळतं आणि उकळत्या पाण्याने उडत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. सहाव्या सूचनेत कारण दिलेलं नव्हतं.

त्यातली एक वाटीभर ढेप त्याने २३ तारखेला खांबेवाडीला नेली.

केळगण्यांच्या घरात ही रीत वडिलांपासूनची. लेकीच्या लग्नात त्यांनी तिला दोन पेट्या दिल्या होत्या, आणि मग दरवर्षी संक्रांतीच्या आधी मेणाची एक ढेप तिच्या घरी पोचवायचे. माहेरचं मेण. ते गेल्यावर सुदामने कधी खंड पाडला नाही. शेवंताबाई ते मेण निखाऱ्यावर पातळ करून प्रत्येक चौकटीच्या वरच्या लाकडी पट्टीला आतून बोटाने फासतात, म्हणजे फेब्रुवारीत माशी नवं पोळं सरळ बांधते. २४ डिसेंबरला त्यांनी अकराही पेट्यांत ते फासलं. मेलिफेराच्या भल्यामोठ्या वसाहतीसाठी ठरवलेली मात्रा सातेरीच्या ओंजळभर वसाहतीत गेली. आणि ‘शिशिर’ पट्टी बाहेर काढता येते. हे काढण्यासारखं नव्हतं.

बुधवार, २० जानेवारी. सकाळी अकराला डॉ. इरफान मुजावर खांबेवाडीत आले. ते जिल्ह्याच्या मधमाशी संशोधन केंद्रात कीटकशास्त्रज्ञ आहेत, वय चौतीस. शेवंताबाईंनीच त्यांना बोलावलं होतं. सुदामही त्या दिवशी आला, आणि कुंपणाशी उभा राहिला.

मुजावरांनी तीन पेट्या उघडल्या. राणीकडे भिंगातून पाहिलं.

“मावशी, हिला कुणी खायला घालत नाहीये. ही शिशिर लावलेल्या पेटीतली राणी वाटते मला.”

“माझ्याकडं कसली पट्टी? सातेरीला कशाला लागती?”

“तेच तर. सुदामभाऊ, तुमच्या पट्ट्या?”

“काढल्या एकवीसला. जाळल्या,” सुदाम म्हणाला. ते खरं होतं.

मुजावरांनी वहीत लिहिलं. “मावशी, गेल्या दोन महिन्यांत पेटीत बाहेरचं काही घातलंत? साखर, चौकट, मेण?”

शेवंताबाई पेटीच्या पायाखालच्या वाट्यांत पाणी ओतत होत्या. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत उभा असतो. त्यांनी चौथी वाटी भरली आणि मग सरळ उभ्या राहिल्या.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “काय बी न्हाई.”

“मेण?”

“मेण माझं जुनंच हाय.”

चौकटींच्या वरच्या पट्ट्या त्या दिवशी पांढऱ्या दिसत होत्या. मुजावरांनी विचारलं तेव्हा शेवंताबाई म्हणाल्या की थंडीत साफसफाई करते. मंगळवारी दिवसभर बसून त्यांनी विळीच्या टोकाने एकशे दहा पट्ट्या खरवडल्या होत्या आणि खरवड चुलीत घातली होती. मुजावरांनी मेलेल्या माश्या नमुन्याला घेतल्या, जबाब लिहिला, आणि शेवंताबाईंनी त्याखाली सही केली. बाटलीवर करतात तीच.

“मग एकच शक्यता राहते,” निघताना मुजावर म्हणाले. “गंध हवेतून तीन किलोमीटर खाली आला. पटत नाही मला, पण तपासायला हवं. दीड-दोन महिने लागतील.”

जीप वळणावर दिसेनाशी झाली, तरी दोघं तिथेच उभी होती.

“तुला कळलं होतं,” सुदाम म्हणाला.

“सोमवारी तू आला न्हाईस, तवाच कळलं.”

“मग सांगितलं का न्हाईस त्याला?”

“काय सांगू? माझ्या भावानं इख दिलं म्हणून?” शेवंताबाई कळशी घेऊन वळल्या. “तुझ्या पेट्यांना सील लावतील. मळंवाले दुसऱ्या दिवशी दुसरा गडी बघतील. खरवडलंय मी सगळं. आता राणी उठली तर उठंल.”

“लाकडात मुरलं असंल, आक्का.”

“मग मुरू दे.”

गुरुवारी, २१ तारखेला, सुदामने वाईजवळच्या मेणपत्र्याच्या कारखान्यात फोन केला. मेणपत्रा म्हणजे षट्कोनी घरांचा ठसा उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा. तो चौकटीत बसवला की माशी त्यावर पोळं उभारते. पाळणारे आपलं मेण कारखान्यात देतात आणि बदल्यात पत्रे घेतात. सुदामने उरलेलं नऊ किलो मेण २८ डिसेंबरला तिथे टाकलं होतं.

“दळवी, माझं मेण हाय का अजून बाजूला?”

“बाजूला?” दळवी हसले. “सगळं एकाच कढईत जातं, राव. तीनशे दहा किलोचा घाणा झाला. तुझं मेण निवडून काढायला मी काय तांदूळ निवडतोय?”

“पत्रे गेले?”

“चार हजार निघाले. सोळा तारखेला नऊशे गेले. बाकीचे शनिवारी सकाळी गाडीत चढतात. पाच तालुक्यांत जायचेत. का? तुला जास्तीचे हवेत?”

सुदाम म्हणाला की नको.

फेब्रुवारीत फुलोरा वाढतो, माश्या नवी पोळी बांधायला घेतात. पत्रे तेव्हाच पेट्यांत बसतात, सातेरीच्याही आणि मेलिफेराच्याही. तीनशे दहा किलोंत नऊ किलो. मात्रा पातळ झाली असेल. किती पातळ झाली म्हणजे राणी थांबत नाही, हे सुदामला माहीत नव्हतं. नंतर कळलं की कुणालाच माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता तो पुन्हा खांबेवाडीत आला. शेवंताबाईंनी चहाचं आधण ठेवलं होतं. सातवी पेटी सकाळी रिकामी झाली होती. म्हाताऱ्या माश्या मरत होत्या आणि मागून नव्या येत नव्हत्या. तळफळीवर मूठभर मेलेल्या आणि मधोमध राणी, सात-आठ जणींसह.

“मुजावरांना सांगतो मी,” सुदाम म्हणाला.

“काय सांगतोस?”

“मेणाचं.”

“शहाणा हायस. गेलेल्या पेट्या काय माघारी येत्यात का त्यानं? तू कशाला जातोस संगं?”

“कारखान्यात दिलंय मी. नऊ किलो. उद्या सकाळी पत्रे गाडीत चढणार.”

शेवंताबाईंनी चुलीवरचं झाकण उचललं आणि परत ठेवलं.

“हे परवा का न्हाई बोललास?”

“परवा मला बी सुचलं नव्हतं.”

“खोटं.”

“बरं. सुचलं होतं.”

चहा उकळून वर आला. त्यांनी तो उतरवला.

“आणि माझी सही?” त्या म्हणाल्या. “मी लिहून दिलंय त्याला. बाहेरचं काय बी घातलं न्हाई म्हणून. उद्या तू सांगितलंस की मंडळातली बाई इचारंल, शेवंताबाईनं हे खोटं लिहिलं, तर बाटलीवर काय लिहीत आली चाळीस वर्सं? काय सांगू मी तिला?”

सुदामने खिशातून फोन काढला.

“तू सांगितलं न्हाईस तर लोकांच्या पेट्या जातील,” त्या म्हणाल्या, “सांगितलंस तर माझं नाव. तुला एवढं बी कळलं न्हाई का, मेण पुराय सांगितलं होतं ते पुरावं?”

तो परसात गेला आणि चार वाजून वीस मिनिटांनी त्याने मुजावरांना फोन लावला. बोलणं सहा मिनिटं चाललं. मुजावर मधे एकदाच बोलले.

“मावशींना माहीत होतं?”

सुदामने पेट्यांकडे पाहिलं. “व्हय,” तो म्हणाला. “माझ्यासाठी बोलल्या न्हाईत त्या.”

“लेखी द्यावं लागेल, सुदामभाऊ. दोन्ही गोष्टी.”

“देतो.”

तो आत आला तेव्हा चुलीशी एकच कप भरलेला होता, आणि तो शेवंताबाईंच्या हातात होता. तो दारातूनच निघून गेला.

शनिवारी सकाळी गाडी भरली गेली नाही. एकतीसशे पत्रे कारखान्यातच सील झाले. सुदामच्या घरी डब्यात मेणाचा एक खडा उरला होता. २८ जानेवारीला त्याचा अहवाल आला. मेणात शिशिरमधलं द्रव्य होतं आणि सव्वा महिन्यात ते फारसं कमी झालेलं नव्हतं. मेणात ते किती काळ टिकतं यावर मुजावरांनी अहवालात दोन अंदाज दिले आहेत: आठ महिने, किंवा तीन वर्षं. पट्टी बनवणाऱ्या कंपनीने कळवलं की सूचना माहितीपत्रकात स्पष्ट शब्दांत दिलेली होती.

सुदामच्या चौसष्ट पेट्यांना सील आहे. मळेवाल्यांनी परजिल्ह्यातून पेट्या मागवल्या. मधमंडळाने शेवंताबाईंना पत्र पाठवलं. पुढचा निर्णय होईपर्यंत बाटल्यांवर सही करू नये, असं त्यात म्हटलं आहे. मंदा ३० तारखेला खांबेवाडीला जाऊन आली. शेवंताबाईंनी तिला जेवू घातलं, बरोबर कुळथाचं पीठ बांधून दिलं, आणि सुदामचं नाव काढलं नाही.

मुजावरांनी दरीपलीकडच्या एका पाळणाऱ्याकडून सातेरीच्या अळ्यांची दोन पोळी आणून राण्या मेलेल्या दोन पेट्यांत बसवली. त्या माश्या आता परक्या अळ्यांतून राणी घडवत आहेत; पेट्या कदाचित वाचतील, वंश तो राहणार नाही. नवव्या पेटीत परकं पोळं घालायला शेवंताबाईंनी नकार दिला. ती कपारीतल्या चौथ्या वंशाची शेवटची पेटी आहे. पहिल्या तीन वंशांच्या पेट्या जानेवारीतच संपल्या, फक्त दोन परक्या पोळ्यांवर उरल्या आहेत. नववीच्या माश्या नव्या, कोऱ्या लाकडाच्या पेटीत हलवल्या आहेत.

शनिवार, ६ फेब्रुवारीपर्यंतची माहिती अशी. आधीच गेलेल्या नऊशे पत्र्यांपैकी दोनशे ऐंशी परत मिळाले. सहाशे वीस कुठे आहेत ते कळलेलं नाही. शेवंताबाईंच्या अकरा पेट्यांपैकी तीन जिवंत आहेत. त्यातल्या नवव्या पेटीत गुरुवारी सकाळी मधल्या चौकटीवर सात अंडी दिसली. राणी त्या दिवशी दिसली नाही, शुक्रवारीही नाही.

पाच अंडी घराच्या तळाशी मधोमध होती. राणी तशी घालते. दोन घराच्या भिंतीला चिकटलेली होती. पोळ्यात राणी नाहीशी झाली की कधी कधी कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, आणि त्यांचं पोट तळापर्यंत पोचत नाही. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात, आणि पेटी संपते. बारीक झालेली राणी पुन्हा सुरुवात करतानाही एखादं अंडं चुकीच्या जागी घालू शकते, असं मुजावर म्हणतात. अळीचं घर झाकलं जाईपर्यंत फरक कळत नाही. झाकण सपाट आलं तर आत कामकरी माशी आहे, आणि राणी जिवंत आहे. फुगीर आलं तर नर.

सुदामने शनिवारी सकाळी खांबेवाडीला फोन केला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तो उचलला गेला.

“बुधवारपर्यंत झाकतील,” शेवंताबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.